परगाव आपले कसे होते?

शिक्षण पुरे झाल्यावर आपल्यापैकी कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, तर कोणी उपदेशक होऊन दूरच्या गावी मिशनच्या सेवेस जातो. त्यास निरोप देतेवेळी हार घातले जातात, प्रार्थना होते व त्याच्या स्वार्थत्यागाची स्तुती होते. परंतु तेथे दुसऱ्या वर्षी त्याच्या मनाची काय अवस्था असते, याचा विचार त्या समारंभात कोणीच करीत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखक नगर जिल्ह्यातून भडगावास आला, तेव्हा आपणास मराठी उत्तम येते, असा त्याचा समज होता. पहिल्याच सकाळी गिरणेच्या वाटेवर एका वृद्ध गृहस्थाने विचारले, "भाऊ, कथा चालना?" ते आपणाकडे एखादी कथा मागत आहेत, असे समजून लेखकाने मोठ्या उत्साहाने उधळ्या पुत्राचा दाखला सांगावयास आरंभ केला. म्हातारबोवांनी तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग हसून पुन्हा तोच प्रश्न विचारला. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कोठे'! कोठे निघालात, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. त्या दिवशी खरे सौजन्य कोणी दाखविले, हे सांगावयास नकोच.

ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी मात्र तशी नव्हती. पहिले वर्षभर लेखक गावात औषधे वाटीत असे, मुलांस अक्षरे शिकवीत असे व मोठ्यांस उपदेश करीत असे. पण प्रकृतीच्या भीतीने कोणाच्या घरचा घासही घेत नसे. सर्व जण आदराने नमस्कार करीत. जवळ मात्र कोणी बसत नसे. पुढे पावसाळ्यात हिवतापाने अंथरूण धरले, तेव्हा शेजारच्या मावशी दोन वेळा मुगाच्या डाळीचे पाणी घेऊन येत. ताप उतरल्यावर त्यांनी कळण्याची भाकरी व ठेचा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आतापर्यंत आमच्या हातचे तुम्हांला चालत नव्हते. आज तरी चालेल ना?"

त्या प्रश्नाने लेखकाची मान खाली गेली. ज्या देशात हातचे अन्नपाणी नाकारून पिढ्यानपिढ्या माणसास दूर लोटले गेले, तेथे सेवेस आलेल्याने तेच करावे, आणि त्याचे त्यास भानही नसावे! ती भाकरी खाल्ल्यावर लेखक भडगावचा झाला. तोपर्यंत तो केवळ भडगावात राहत होता.

यावरून लेखकाचे असे मत झाले आहे की, देणे सोपे आहे. घेणे शिकावे लागते. जो केवळ देतो तो उपकारकर्ता होतो, मित्र होत नाही. सन १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. मिशनऱ्यांनी आपले धन दिले, देहही झिजविले. पण आम्हांस त्यांची मैत्री हवी आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ते स्वतः तमिळ असून तेलुगू मुलखात दोर्नकल येथे सेवेस गेले होते. तेव्हा परका होऊन राहण्याचा अनुभव त्यांस होताच.

आणखी मागे पाहा. इंग्लंडातील थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. म्हणजे आगमनानंतर सदतीस वर्षांनी! कुमारी सिंथिया फॅरार १८२७ साली अमेरिकेहून आल्या. मुंबईस व नगरास मुलींच्या शाळा चालवून १८६२ साली नगरासच त्यांनी देह ठेविला. परभूमी आपली होण्यास आयुष्य द्यावे लागते, एक-दोन उन्हाळे नव्हेत.

कोणी म्हणेल, फार मिसळल्याने मान राहत नाही व प्रकृतीही बिघडते. प्रकृती अवश्य जपावी, पाणी उकळून प्यावे. परंतु चटईवर बसण्यास उकळलेले पाणी आड येत नाही. आणि दूर राहून मिळणारा मान काय कामाचा? दुसरेही एक लक्षात ठेवावे. मैत्री म्हणजे गळाला लावलेले आमिष नव्हे. शेजाऱ्याने आपले म्हणणे मानले नाही, तरी त्याच्या दारी जाणे ज्याचे थांबत नाही, तोच खरा मित्र.

पालकांस विनंती की, आपल्या मुलामुलींस पहिल्या वर्षी प्रत्येक सणास घरी बोलावू नये. पत्रे अवश्य लिहावी. पण एखादा पोळा, एखादा नाताळ त्यांना तेथील लोकांत काढू द्यावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, या अभ्यासास दूर जावयास नको. सातपुड्यातून आलेला एखादा मुलगा तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेला असेल. त्याच्या बोलीस तुम्ही हसला असाल. त्याच्या दृष्टीने परगाव म्हणजे तुम्हीच. उद्या मधल्या सुट्टीत त्यास आपल्या डब्यातले द्या. पण त्याआधी त्याच्या डब्यातले मागून घ्या.