जुनें देणें व लेखी पावती

१८७५ सालीं सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचीं खतें जाळलीं. मग १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें आपल्या पुणें जिल्ह्यांतील ऋणकोस लेखी पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. आज आपल्या कर्जाचें खत सिबिलसारख्या संस्थेच्या दप्तरीं असतें. तें जाळतां येत नाहीं. वाचतां मात्र येतें.

खडकवासल्याच्या शेतकरी व कारागीर बंधूंनो, थकलेल्या कर्जाचा वसुलीवाला आला, तर भिऊन सही करूं नका. आधीं लेखी हिशेब मागा. सकाळीं ८ पूर्वीं व सायंकाळीं ७ नंतर त्यानें फोन करूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कमी रकमेंत तडजोड केल्यास दप्तरीं ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो व पुढें कर्ज अडतें. ऐपत असेल तर पुरतें फेडा. पण येणें बाकी नसल्याचा दाखला घेतल्यावांचून उठूं नका. नवें कर्ज काढून जुनें फेडणें म्हणजे भोक पडलेल्या मोटेनें पाणी ओढणें होय.

ही नोंद वर्षांतून एकदां फुकट मिळते. तींत चूक असल्यास तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास रोजीं १०० रुपये भरपाई मिळते. आमच्या अडाणीपणावरच सावकारी पोसली गेली. घरांत शिकलेली लेक असेल, तर आजच तिच्याकडून ही नोंद वाचून घ्या.