मत देऊ, पण अर्जावर सही नको?



कर्नाटकात ग्रामपंचायतीची गेली निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली. पाच वर्षं संपली, पुढच्या तारखेची वाट सगळेच बघतायत आणि आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर पॅनेलची जुळवाजुळव कधीच सुरू झालीय. या खेपेला आमच्या शेजारच्या अक्का उभ्या राहायचं म्हणतायत. शिवणकाम करतात, स्त्रीशक्ती गटाचा हिशेब बारा वर्षं त्यांच्याच वहीत आहे आणि त्या वहीवरून भांडण झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यावरूनच हे पत्र.

उपासनेनंतरच्या चहाला दोन मतं ऐकू आली. ज्येष्ठ म्हणतात, राजकारण घाण, आपण प्रार्थना करावी आणि लांब राहावं. तरुण म्हणतात, आपली तीसेक घरं आहेत, आपल्यातलाच एक उभा करू या.

ज्येष्ठांना माझं एवढंच सांगणं आहे. राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं पौलानं तीमथ्याला लिहिलंय. ते आपण दर रविवारी करतोच. पण नळ, गटार, खांबावरचा दिवा, घरपट्टी, जॉबकार्ड यासाठी वर्षभर पंचायतीच्या पायऱ्या झिजवणारे आपणच. उतारा मागायला जाताना ती पंचायत चालते, शेजारीण उभी राहिली की घाण होते, हे कसं?

तरुणांचं म्हणणं मात्र असं एका वाक्यात उडवता येणार नाही. आपल्याकडे साधारण ४०० लोकसंख्येमागे १ सदस्य असतो. एवढ्याशा वॉर्डात तीस घरं म्हणजे निकाल इकडचा तिकडे. आणि आपला माणूस पंचायतीत नसल्याचा तोटा आपण भोगलाय. दफनभूमीची वाट दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते, आणि कुठल्याच वर्षीच्या कामांच्या यादीत ती आलेली नाही. मागल्या आषाढात पेटी नेताना गुडघाभर चिखल होता. त्या चिखलात खांदा द्यायला अक्कांचे दोन्ही मुलगे होते. पुढच्या ग्रामसभेत त्या वाटेचा विषय काढला तोही अक्कांनीच. आपल्या तीस घरांतून त्या सभेला किती जण होते? मी आणि आणखी एक.

ग्रामसभेला बसणारा, कागद वाचणारा आपला कोणी उद्या उभा राहिला तर त्याच्यासाठीही मी दारोदार फिरेन. पण नुसता बाप्तिस्मा बघून मत द्या म्हणाल तर मला ते जमणार नाही. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत धर्माच्या नावानं मत मागणं हा कायद्यानं गैरप्रकार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं, ती बंदी आणखी कडक केली. कायदा बाजूला ठेवला तरी, ‘मिशन कंपाउंडची मतं’ अशी गठ्ठ्यानं बोलणी एकदा सुरू झाली की गठ्ठा विकणारा दलाल आपल्यातूनच निघतो. तो निघाला की पाकीट घरपोच येतं आणि रस्ता येत नाही.

अक्का बाई आहेत म्हणूनही कुजबुज आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीच्या आधी, १९८७ च्या निवडणुकीतच, इथं पंचायतीत बायकांना २५ टक्के जागा होत्या. त्या कायद्यामागं अब्दुल नझीरसाब होते. खेडोपाडी बोअर मारून पाणी दिलं म्हणून लोक त्यांना ‘नीरसाब’ म्हणायचे. पाणी देणाऱ्याची जात-धर्म तेव्हा कुणी विचारली नव्हती. आता बायकांच्या जागेवर नवराच कारभार बघतो हे खरंच. अक्कांच्या घरी तसं होणार नाही, त्यांचे यजमान स्वतःच सांगतात की मला हिशेब कळत नाही!

“समितीच्या काय राष्ट्रीय पक्षाच्या?” हा आपल्या भागातला ठरलेला प्रश्न. महापालिकेची २०२१ ची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर झाली, पण ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं. निदान इथं तरी माणूस बघू या.

पाळकसाहेबांना यात ओढू नये. व्यासपीठावरून नाव नको, मंडळीच्या सभागृहात बैठक नको. कॅथलिक बांधवांत तर धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला कॅनन कायद्यानंच मनाई आहे. मदत करायची ती शेजारी म्हणून, आपापल्या घरून करू.

आता खरी अडचण सांगतो. मत देऊ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण अर्जावर सूचक म्हणून सही मागितली की सगळे अंगण झाडायला लागतात. अक्का पडल्या तर निवडून आलेला डूख धरेल, नळाला पाणी सोडणार नाही, ही भीती. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण एक सही एकटी पडते, पंधरा घरं उघडपणे बरोबर दिसली तर पंधरांचं पाणी कोण तोडणार?

“मास्तर, अर्ज कन्नडात भरायचा हाय, सूनबाई लिहून देईल काय?” असं अक्कांनी परवा विचारलं. सूनबाई लिहून देणार आहे. एका वॉर्डात एकाहून जास्त जागा असल्या की म्हाताऱ्या मतदारांचा शिक्के मारताना गोंधळ होतो, तेही आधी घरोघरी समजावून द्यावं लागेल. सूचक म्हणून सही माझी. पोलिंग एजंट म्हणून सकाळी मी बसेन, दुपारनंतर बसायला माणूस हवा आहे.

एक निवृत्त शिक्षक, बेळगाव तालुका