दोष नेहमी मागच्याचाच?

दिल्लीतील आर. के. पुरम येथे आउटर रिंग रोडच्या खाली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेचे स्थानक आहे. या मार्गिकेवर 28 डिसेंबर 2020 पासून चालकविरहित गाड्या धावू लागल्या. पुढची गाडी कोठे आहे हे यंत्रणेला सतत ठाऊक असते आणि मागच्या गाडीला तेवढेच पुढे सरकू दिले जाते. जिना चढून वर आले, की मोटारी आणि बस एकमेकींच्या मागे हातभर अंतराने धावताना दिसतात. तेथे सारी भिस्त मागच्या माणसाच्या नजरेवर आणि ब्रेकवरील पायावर. धडक झाली की दोषही त्याचाच.

मागच्याला दोषी धरण्याची ही सवय रेल्वेलाही आहे. 17 जून 2024 रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला पाठीमागून धडक दिली. दहा जण मरण पावले. मालगाडीचा चालकही त्यांत होता. चालकाने सिग्नलकडे दुर्लक्ष केले, असे काही तासांतच वरिष्ठ पातळीवरून सांगण्यात आले. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. पुढे उघड झाले ते असे : त्या टप्प्यातील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून नादुरुस्त होते आणि लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी चालकाच्या हाती देण्यात आली होती. त्या कागदावर वेगमर्यादेचा उल्लेख नव्हता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या सकाळी तेथून गेलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांनी अशा वेळचा नियम आपापल्या समजुतीप्रमाणे लावला होता. ताशी 15 किलोमीटरच्या आत राहणारी, प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी थांबणारी कांचनजंगा हीच नियमाला धरून चालत होती, आणि धडक बसली ती तिलाच. असा अपघात केव्हा ना केव्हा घडणारच होता, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष काढणारा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. प्रशासनात नव्याने आलेल्यांना ही व्यवस्था विचित्र वाटते; मलाही वाटली होती. पण आपल्याच खात्याने आपलीच चौकशी करू नये, इतका साधा विचार तिच्यामागे आहे आणि तो स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आला आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे 1889 सालचे आर्मा आठवते. आयर्लंडमधील या गावाजवळ सहलीच्या गाडीचे सोडवलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी जण दगावले, त्यांत अनेक मुले होती. तोवर त्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये ठराविक मिनिटांचे अंतर ठेवले जाई. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून मिनिटांऐवजी जागेचे अंतर सक्तीचे केले : पुढचा टप्पा मोकळा असल्याखेरीज मागची गाडी सोडायची नाही. आपले महामार्ग मात्र अजून आर्माच्या आधीच्या काळात आहेत. दोन-तीन सेकंदांचे अंतर राखा, असा सल्ला आपण देतो आणि तो पाळला जाईल असे धरून चालतो.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. पाठीमागून बसलेल्या धडकांचा वाटा त्यांत साधारण एक पंचमांश होता. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली. बारा जण ठार झाले. रूढ हिशेबाने चूक बसचालकाची. पण परिवहन विभागाच्या पथकानेच तो ट्रक थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मधील एका निकालात हा रूढ हिशेब मोडला. कोइम्बतूरजवळ मोटार अचानक थांबली, मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि बसखाली त्याचा पाय गेला. इशारा न देता महामार्गावर थांबणे हा निष्काळजीपणाच आहे, असे सांगून न्यायालयाने मोटारचालकाकडे 50 टक्के, बसचालकाकडे 30 टक्के आणि विद्यार्थ्याकडे 20 टक्के जबाबदारी दिली. मूळ अपघात 2017 चा होता. म्हणजे एवढी साधी गोष्ट ठरण्यास आठ वर्षे लागली.

भरपाईचा हिशेब न्यायालये करतील. पुढचा अपघात टाळण्यासाठी लागणारी चौकशी करणे मात्र त्यांचे काम नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या सुधारणेने राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद केली खरी, परंतु त्याची भूमिका सल्लागाराची. एखाद्या अपघाताच्या जागी जाऊन महामार्ग प्राधिकरणाला, परिवहन विभागाला आणि पोलिसांना एकाच वेळी कागद मागू शकेल असा स्वतंत्र आयुक्त रस्त्यांसाठी हवा. निदान बारापंधरा बळी घेणाऱ्या अपघातांपासून सुरुवात करता येईल. ट्रक कोणी थांबवला, त्याला उभे राहण्यास बाजूला जागा होती काय, मागील परावर्तक पट्ट्या दिसत होत्या काय, तो किती वेळ उभा होता आणि गस्तीच्या गाडीने त्याला पाहिले काय, हे त्याने विचारावे. आज पंचनाम्याला गेलेला हवालदार बसच्या ब्रेकच्या खुणा मोजतो आणि चालकाचे नाव लिहून परततो.