बादली घेतली, पावती राहिली

2014 चा ऑगस्ट आठवतो का? आपल्याकडं पावसानं ओढ दिली होती, रानात सोयाबीन करपत होतं, आणि मोबाईलवर जो तो डोक्यावर बर्फाची बादली ओतून घेत होता. तेव्हा मीही चिडून लिहिलं होतं, की मराठवाड्यात प्यायला पाणी नाही अन् तुम्ही ओतता कसले? हैदराबादच्या मंजुलता कलानिधींनी बर्फाऐवजी बादलीभर तांदूळ गरजूला द्या म्हटलं, ते लई पटलं होतं.

आज सांगतो, मी अर्धाच बरोबर होतो.

अमेरिकेत त्या बादलीमागं हिशोब होता. चोवीस तासांत बादली ओत, नाहीतर शंभर डॉलर दे. कित्येकांनी दोन्ही केलं. तिथल्या एएलएस असोसिएशनकडं दोनेक महिन्यांत साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्या पैशातून संशोधन झालं, 2016 ला एनईके-1 या जनुकाचा आजाराशी संबंध सापडला. आपण काय घेतलं? बादली घेतली, व्हिडिओ घेतला. पावती राहिली. 2025 ला तोच खेळ परत आला, या वेळी मानसिक आरोग्याच्या नावानं. आमच्या गल्लीतल्या पोराला विचारलं, कशासाठी रे? म्हणे, "ट्रेंड आहे काका."

याच गल्लीत एक मामा होते, शिवणकाम करायचे. कात्री हातातून सुटायला लागली. दोन वर्षं मणक्याची गादी सरकली म्हणून इलाज, मग मालिश, मग कुणीतरी करणी सांगितली. जमीन गेली तेव्हा कुठं मोठ्या शहरात निदान झालं : एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात, हात, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. डोकं बहुतेकदा शाबूत राहतं. मामांची वाचा गेली होती, तरी सून माप चुकली की डोळ्यानं सांगायचे.

दाखल्याला गेलो तर खिडकीवरचा माणूस यादीवर बोट फिरवत म्हणाला, हा आजार इथं नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मज्जासंस्थेचे जुनाट आजार आहेत, पण उदाहरणाला पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसच लिहिलंय. अहो, पण माणसाचे हातपाय चालत नाहीत, ते तर दिसतं ना? तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला मामा नव्हते.

म्हणून बादलीवाल्यांवर माझा राग नाही, तिथंच थांबणाऱ्यांवर आहे. त्यात पुढारीही आले. शासकीय मेडिकल कॉलेजसाठी परभणीकर रस्त्यावर उतरले, कॉलेज मिळालं. आता तिथं मेंदूविकाराची ओपीडी ठरलेल्या वारी नेमानं चालली पाहिजे, आणि घशातली लाळ ओढायचं मशीन, श्वासाचं मशीन घरी वापरायला मिळालं पाहिजे. गणपती मंडळांनी एका वर्षाचा डीजे कमी केला तरी दोन-चार मशिनी येतील, राव!

जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, कुठंही असा पेशंट असेल तर मला मेसेज करा. नाव नको, फक्त तालुका आणि काय अडलंय ते लिहा. यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं जायचंय. सोबत कोण येतंय, तेही सांगा.