सैनिकाचे घर आणि सावकाराची मोजपट्टी

२२ जून १९४४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखला जातो. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाला शिक्षण मिळावे, बेकारीत भत्ता मिळावा आणि स्वतःचे घर घेता यावे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. अमेरिकेचा मध्यमवर्ग या कायद्याने घडविला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु कोणाचा मध्यमवर्ग, असे विचारले की अभिमानाचा स्वर खाली येतो.

या योजनेची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. येथे सामान्यतः सरकार सैनिकाला कर्ज देत नाही. कर्ज देते ती खाजगी बँक किंवा गहाणकर्जाची कंपनी. माजी सैनिकांचे सरकारी खाते केवळ हमी घेते. हप्ते थकले तर सावकाराच्या नुकसानीचा ठराविक भाग सरकार भरून देते. या हमीमुळे सैनिकाला पदरची रक्कम आगाऊ न भरता घर घेता येते, हा लाभ मोठाच आहे. पण नफा सावकाराचा आणि जोखीम जनतेची, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे, हेही विसरता कामा नये.

कर्ज मंजूर होण्यापूर्वी घराचे मूल्यमापन होते. मूल्यमापक सरकारी खात्याच्या यादीतून पाळीपाळीने नेमला जातो. सावकाराला आपल्या मर्जीतला माणूस निवडता येत नाही. घर सुरक्षित, आरोग्यास योग्य आणि मजबूत आहे की नाही हे तो पाहतो, आणि आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तत्सम घरांशी तुलना करून किंमत ठरवितो. ही किंमत सौद्याच्या रकमेपेक्षा कमी भरली तर सैनिकाला इसाराची रक्कम न गमावता सौद्यातून बाहेर पडता येते. किंमत कमी भरेल असे दिसताच मूल्यमापकाने आधी सूचना द्यायची आणि अधिक पुरावा आणण्यास दोन कामकाजी दिवस द्यायचे, अशीही तरतूद आहे. तिला ‘टाइडवॉटर’ म्हणतात.

घरांचे दलाल आणि विक्रेते या पद्धतीवर नाराज असतात. ती संथ आहे, कडक आहे, म्हणून विक्रेता सैनिकाला टाळून दुसरे गिऱ्हाईक पाहतो, अशी त्यांची तक्रार. विलंब जरूर टाळावा. पण हा कडकपणा सैनिकाची ढाल आहे. गळके छप्पर आणि फुगविलेली किंमत त्याच्या गळ्यात पडू नये, यासाठीच तो आहे. ती ढाल काढून घ्या म्हणणाऱ्यांना सैनिकाची नव्हे, आपल्या दलालीची चिंता आहे.

तथापि मूल्यमापनाच्या या पद्धतीला ‘तटस्थ’ म्हणून ओवाळणेही तितकेच अप्रामाणिक ठरेल. शेजारच्या घराच्या किमतीवरून या घराची किंमत ठरते. मग शेजारच्या घराची किंमत कोणी ठरविली? १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांवर धोक्याचा लाल रंग फासला. सरकारी हमीचे कर्ज त्या वस्त्यांपर्यंत सहसा पोहोचलेच नाही. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील १३ शहरांत सैनिकांना हमीची ३,२०० हून अधिक कर्जे मिळाली. त्यांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला आली २. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन या नव्या वसाहतीत, जिची भरभराट सैनिकी कर्जांवर झाली, काळ्या सैनिकाला घर नाकारले जाई. गोळी झेलताना ज्याची कातडी कोणी पाहिली नाही, त्याची कातडी कर्जाच्या अर्जावर मात्र पाहिली गेली.

१९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरविला. पण कायदा बदलला म्हणून बाजारभाव बदलत नाही. घराचा दर्जा आणि परिसरातील सोयी समान धरल्या तरी काळ्या बहुसंख्येच्या वस्त्यांतील घरांची किंमत सरासरी २३ टक्क्यांनी, म्हणजे घरामागे सुमारे ४८,००० डॉलरांनी कमी भरते, असे ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अहवालाने दाखविले. सौद्यापेक्षा कमी मूल्यमापन होण्याचे प्रमाण काळ्या वस्त्यांत १२.५ टक्के आणि गोऱ्या वस्त्यांत ७.४ टक्के आहे, असे फ्रेडी मॅकच्या २०२१ च्या पाहणीत आढळले. हे आकडे केवळ सैनिकी कर्जांचे नाहीत, सर्वसाधारण घरबाजाराचे आहेत. पण सैनिकही त्याच बाजारात घर शोधतो. ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो तफावत रोखीने भरून सौदा वाचवितो. आगाऊ रक्कम नाही म्हणूनच ज्याने ही योजना पत्करली, त्याने ती तफावत कोठून भरावी? आणि त्याच वस्तीतील वृद्ध सैनिक घर विकू लागतो, तेव्हा आयुष्यभराची पुंजी त्याच मोजपट्टीने तोकडी ठरते. कालचा अन्याय आज हिशेबाच्या वहीत आकडा होऊन बसतो आणि त्या आकड्याला कोणी जाब विचारीत नाही.

म्हणून केवळ मूल्यमापकांना सौजन्याचे धडे देऊन भागणार नाही. वस्तीवार मूल्यमापनाचे आकडे जनतेसमोर यावेत, अन्याय झाल्यास दाद मागणे सोपे व्हावे, आणि ज्यांना हक्क नाकारला गेला त्यांच्या वारसांना तो परत मिळावा. शेवटच्या मागणीचे विधेयक २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तेथील संसदेत मांडले गेले. दोन्ही वेळा ते मंजूर झाले नाही. त्याला ज्यांचे नाव दिले होते त्यांपैकी एक सार्जंट आयझॅक वुडार्ड. फेब्रुवारी १९४६ मध्ये, सेवामुक्त झाल्यावर काही तासांतच, अंगावर गणवेश असताना, दक्षिण कॅरोलिनात पोलिसांच्या मारहाणीत त्याचे दोन्ही डोळे गेले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही कथा परकी वाटू नये. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा जवान लढून परतला, तेव्हा त्याचे घर गावकुसाबाहेरच होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. दोन्हीकडची वेदना एक आहे, हे तेव्हाच्या तरुणांनी ओळखले होते. बाजाराची मोजपट्टी जातीपातीच्या आणि वर्णाच्या पलीकडची आहे, असे जो सांगतो, त्याला एवढेच विचारावे: ती मोजपट्टी घडविली कोणी, आणि आजवर तिचा फायदा कोणाला झाला?