परत आला नाही, नवा आलाय

दर वर्षी 4 फेब्रुवारीला, म्हणजे जागतिक कॅन्सर दिनाला, आपल्या फोनवर एकच फोटो फिरत असतो. स्टेज, शाल, श्रीफळ, हातात गुलाब आणि मागे बॅनर: 'कॅन्सर विजेत्यांचा सत्कार'. त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण 'विजेता' या शब्दाशी आहे. आम्हा कोल्हापूरकरांना विजय म्हटलं की कुस्ती आठवते. पाठ टेकली, निकाल लागला, पैलवानानं अंगावरची माती झटकली, सगळे घरी. कॅन्सरच्या कित्येक रुग्णांच्या बाबतीत हे चित्र खोटं असतं, आणि या खोट्याची किंमत ते स्टेज उभारणारे मोजत नाहीत.

एकाच माणसाला आयुष्यात दोन वेगवेगळे कॅन्सर होऊ शकतात. पहिला पसरून नव्हे, पहिला उलटून नव्हे, तर अगदी स्वतंत्र, नवा कॅन्सर. वैद्यकशास्त्रात ही काही ताजी बातमी नाही. वॉरेन आणि गेट्स या अमेरिकन संशोधकांनी 1932 साली त्याच्या तीन कसोट्या मांडल्या: दोन्ही गाठी खरोखर कॅन्सरच्या हव्यात, दोन्ही वेगवेगळ्या हव्यात, आणि एक दुसरीतून पसरलेली नाही याची खात्री व्हायला हवी. याला नव्वद वर्षं उलटून गेली. तरीही आपल्या घराघरांत अशा वेळी एकच वाक्य निघतं: 'उलटला.'

या एका शब्दानं माझ्या मामाचा जीव जवळजवळ घेतला होता. मामांच्या गालातल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. पाच वर्षं नीट गेली आणि मग जिभेच्या कडेला जखम झाली. तपासणीत कॅन्सर निघाला. मामांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, "उलटलंय रं. आता कशाला नादाला लागायचं? हाय ते रान तरी पोरांना राहू दे." घरातल्या थोरामोठ्यांनीही माना डोलावल्या. उलटलेला कॅन्सर म्हणजे शेवट, हे सगळ्यांना पाठ होतं. एका तरुण डॉक्टरनं जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून अर्धा तास समजावलं, "काका, हा जुना परत आलेला नाही, हा नवा आलाय. लहान आहे, लवकर सापडलाय, काढता येईल." मामांचं ऑपरेशन झालं. आज ते अडखळत बोलतात, पण बोलतात. तो अर्धा तास मिळाला नसता तर?

शेतीच्या भाषेत सांगतो. रानात एका जागचं तण उपटलं आणि तिथंच पुन्हा फुटलं, तर मुळी राहिली होती. पण तण रानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्यानं उगवलं, तर त्याचा अर्थ वेगळा: बी सगळ्या रानात पडलेलं आहे. गंमत म्हणजे डॉक्टरही नेमकं हेच म्हणतात. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली तोंडाच्या कॅन्सरचे 783 रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या 88 जणांना एकापेक्षा जास्त स्वतंत्र गाठी होत्या. गाठीच्या आजूबाजूची, वरवर निरोगी दिसणारी त्वचाही बिघडलेली सापडली. त्यांनी या प्रकाराला नाव देताना शब्द वापरला तो 'फील्ड', म्हणजे शेतच. वर्षानुवर्षं तंबाखू आणि सुपारी जिथंजिथं लागली, ते गाल, जीभ, घसा, अन्ननलिका, फुफ्फुस असं सगळं रान तयार झालेलं असतं. सर्जन तण उपटतो. रान तेच राहतं.

आणि रानाबद्दल आपण, कोल्हापूरच्या माणसांनी, तरी अज्ञानाचं सोंग घेऊ नये. कागल ओलांडून हायवेनं थोडं पुढं गेलं की निपाणी, तंबाखूची पेठ. 1981 साली तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांनी तिथं रस्ता अडवला आणि पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. या पिकावर आपल्या भागातली घरं उभी राहिली, हे मी नाकारत नाही. आपल्या आज्या सकाळी मिश्री लावत आल्या, आपले बाप चुना-तंबाखू मळत आले, आणि आपल्या वयाची पोरं टपरीवर मावा घोटून घेतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, आणि पुडी कुठं मिळते हे शाळकरी पोरगंही सांगेल.

शेजारच्या तासगावचे आर. आर. पाटील 2015 साली तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र तंबाखूवर बोलला. पहिल्या कॅन्सरची भीती आपण अशी अधूनमधून घालतो. दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पाश्चात्त्य अभ्यासांमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांत दर वर्षी साधारण 3 ते 4 टक्के लोकांना दुसरा स्वतंत्र कॅन्सर होतो, असं दिसतं. दर वर्षी. म्हणजे शाल-श्रीफळ मिळाल्यावर धोका संपत नाही, तो साठत जातो. मामांनी पहिल्या ऑपरेशननंतर तंबाखू सोडली आणि 'नुसती सुपारी' धरली. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 सालीच छापलंय. पाच वर्षांत मामांना हे कुणी सांगितलं नाही. टाक्यांची चौकशी झाली, खिशातल्या पुडीची नाही.

दुसरा कॅन्सर फक्त तंबाखूवाल्यांना होतो असंही नाही. काही घरांत बीआरसीएसारख्या जनुकातला दोष पिढ्यांतून उतरतो. मग एका स्तनाचा कॅन्सर बरा झालेल्या बाईला दुसऱ्या स्तनाचा किंवा बीजाशयाचा होण्याचा धोका मोठा असतो. तिच्या बहिणीला आणि मुलीलाही हे कळायला हवं. पण आपल्याकडे आजार लपवायचा, कारण पोरीचं लग्न जमायचंय. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आपण पोरीचा जीव पणाला लावतो आणि त्याला अब्रू म्हणतो. काही वेळा तर उपचारांमुळेच, म्हणजे रेडिएशन किंवा काही किमोच्या औषधांमुळे, वर्षांनंतर नवा कॅन्सर होतो. म्हणून उपचार टाळायचे नसतात. पहिला जीव वाचवायलाच हवा. पण पुढचं सांगायलाही हवं.

यावर मला दोन उत्तरं ऐकवली जातात. पहिलं: 'आधीच खचलेल्या माणसाला अजून का घाबरवायचं?' जे सांगितलंच नाही, त्याची भीती वाटत नाही, हे खरं. पण ते सापडतही नाही. मामा घाबरले ते माहितीमुळे नाही, 'उलटला' या शब्दामुळे. माहितीनं त्यांना ऑपरेशन टेबलावर नेलं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: 'आपल्याकडे पहिलाच कॅन्सर वेळेत सापडत नाही, दुसऱ्याचे लाड कुठून करणार?' ठीक आहे, हिशेबच करू. तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं हे सरकारचं धोरण आहे. त्यासाठी आशाताई दारोदार फिरून कोट्यवधी लोकांमधून धोक्यातली माणसं शोधणार. पण ज्याला एकदा कॅन्सर होऊन गेलाय, त्याला शोधायचीही गरज नाही. त्याचं नाव, गाव, फोन नंबर हॉस्पिटलच्या फाईलमध्ये आहे. त्याचं तोंड बघायला एक टॉर्च आणि पाच मिनिटं लागतात. सगळ्यात जास्त धोक्यातला आणि सगळ्यात सहज सापडणारा माणूस आपण सोडून देतो. याला पैशांची टंचाई म्हणत नाहीत, याला बेफिकिरी म्हणतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं ऑपरेशन-किमोचा मोठा भार उचलला, हे मान्य. पण तपासणीसाठी मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र, दोन दिवसांचा बुडालेला रोज आणि सोबतीच्या माणसाचा खर्च असतो. बरं वाटत असताना एवढं कोण करणार? ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, ठरलेल्या तारखेला, फोन करून बोलावून झाली पाहिजे. तंबाखू-सुपारी सोडवणं हा सल्ला नाही, उपचाराचा भाग मानला पाहिजे. आणि डिस्चार्जच्या कागदावर मराठीत स्पष्ट लिहिलं पाहिजे: तुम्हाला दुसरा, नवा कॅन्सर होऊ शकतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात असा माणूस असेल, तर त्याची जुनी फाईल आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक जपून ठेवा. नवं-जुनं ठरवताना त्यांचीच गरज पडते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडायला लागलं, तर वाट बघू नका. आणि पुन्हा कॅन्सर निघालाच, तर रडण्याआधी, देवाला बोल लावण्याआधी डॉक्टरला समोर बसवून एक प्रश्न विचारा: "जुना परत आलाय, की नवा आलाय?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.