थ्री-नॉट-थ्री वितळवण्याआधी

बंदुकीचा विषय निघाला की आमच्या मुरूम गावात पहिला प्रश्न बोअरचा असतो. गोळी किती जाड? मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रे-शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर होतो. रायफली उघडायच्या, गेज लावून तपासायच्या, निकामी ठरलेल्या बाजूला काढायच्या, हेच माझे काम. त्यामुळे मी आधी विचारतो, अॅक्शन कोणती? रिसीव्हर आणि बोल्ट मिळून अॅक्शन होते. काडतूस पेटल्यावर मागे येणारा सगळा रेटा तीच अडवते आणि तिच्या मागे वीतभर अंतरावर माणसाचा डोळा असतो.

हे आज लिहायला कारण रानडुक्कर. बेन्नीतुरा नदीच्या काठचा ऊस दाटला की कळप दिवसभर आत बसतात आणि रात्री तूर, ज्वारी, हरभरा उद्ध्वस्त करतात. परवानाधारक तरुण मला विचारतात, "काका, जुन्या थ्री-नॉट-थ्रीची अॅक्शन घेऊन जाड बोअरची रायफल करता येईल का? परदेशात करतात म्हणे." परदेशात करतात हे खरे. पण कोणत्या अॅक्शनवर करतात, ते पाहायला हवे.

तिथे पहिली पसंती १८९८ च्या जर्मन माउझरला. तिच्या बोल्टच्या तोंडाशीच दोन भक्कम लग, म्हणजे बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकवणारे दात, असतात आणि मागे तिसरा राखीव. पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर येणारे काडतूस लगेच पकडतो, म्हणून घाईगडबडीतही दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. जखमी जनावर अंगावर येताना याचे मोल कळते. पण ही अॅक्शन बेतली होती सुमारे ८२ मिलिमीटर लांबीच्या लष्करी काडतुसासाठी. १९११ साली आलेले ४१६ रिग्बी हे जाड बोअरचे काडतूस जवळपास ९५ मिलिमीटरचे. ते साध्या माउझरमध्ये बसवायचे तर रिसीव्हरचे पोलाद खरवडावे लागते, तेही नेमके खालच्या लगला आधार देणारे. रिग्बी कंपनीने म्हणूनच मोठी मॅग्नम माउझर वापरली. लष्करी शिलकीतून निवडायचे झाले तर मी पहिल्या महायुद्धात ब्रिटनसाठी अमेरिकेत बनलेली १९१४ ची एनफिल्ड किंवा तिचीच अमेरिकी आवृत्ती, १९१७ ची, निवडेन. तिची अॅक्शन लांब आहे, रुंद आहे, लगही पुढे आहेत. तरीही डोळे झाकून नाही. एडीस्टोन कारखान्यात नळ्या इतक्या आवळून बसवल्या होत्या की त्या काढताना काही रिसीव्हरना तडे गेले. अमेरिकेच्याच १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये सुरुवातीच्या सुमारे आठ लाख क्रमांकांपर्यंतचे रिसीव्हर संशयास्पद मानले जातात. भट्टीतल्या पोलादाचा रंग कारागीर नुसत्या नजरेने जोखत होते आणि जास्त तापलेले पोलाद ठिसूळ झाले. पाणी कसे दिले आहे, हे पोलादाच्या तोंडावर लिहिलेले नसते.

आता आपली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. तिचे लग बोल्टच्या मागच्या टोकाला आहेत. बोल्ट झपाट्याने चालतो, चिखल-धूळ सोसतो, म्हणून सैनिकाच्या हातात ती उत्तम. पण दाब आला की बोल्टची सगळी लांबी दबते आणि रिसीव्हर ताणला जातो. ४१६ ची गोळी २६ ग्रॅमची, तिची ऊर्जा थ्री-नॉट-थ्रीच्या दुपटीहून अधिक, आणि काडतुसाचे बूड रुंद असल्याने बोल्टवरचा रेटाही वाढतो. साठच्या दशकात इशापूर कारखान्याने हीच रायफल ७.६२ च्या काडतुसासाठी बनवली, तेव्हा तेवढ्या बदलासाठीही अधिक मजबूत पोलाद घेतले. मग गावातल्या लेथवर जुन्या रिसीव्हरला जाड नळी जोडणाऱ्याने काय समजावे?

या अॅक्शनचा योग्य उपयोग आपल्या देशाने कधीच शोधून ठेवला आहे. लष्करी बोअर सामान्य माणसाच्या हाती नको, हे इंग्रजी अमलापासूनचे धोरण. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी आली, म्हणून विलायतेतल्या बंदूककारांनी ४६५, ४७०, ४७५ अशी नवी काडतुसे काढली. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी नावाजलेले हे जाड बोअर आपल्याकडच्या बंदीतून जन्मले. त्याच धोरणातून थ्री-नॉट-थ्रीच्या जागी ३१५ बोअर आले. काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकरच्या घराण्यातले, अॅक्शन ली-एनफिल्डची, गोळी सुमारे १६ ग्रॅमची. मचाणावरून पन्नास पावलांवरच्या डुकराला ती पुरेशी आहे. त्याहून जाड बोअर आमच्या सपाट काळ्या रानात मला नकोच. चुकलेली रायफलची गोळी किलोमीटरच्या पुढे जाते, आणि इथे रात्रीच्या लाइटवर ऊस भिजवणारा माणूस पलीकडच्या बांधावर उभा असतो.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. महाराष्ट्रातही मुंबई हल्ल्यानंतर तिच्या वयाची चर्चा झाली. अशा सेवामुक्त रायफली सरसकट मोडीत काढून वितळवणे मला पटत नाही. त्यांतल्या निरोगी अॅक्शन गेज लावून निवडाव्यात, सरकारी कारखान्यात त्यांना ३१५ ची नळी बसवावी, नव्याने प्रूफ चाचणी करावी आणि त्या वनखात्याच्या ताब्यात द्याव्यात. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. पण त्या कागदाला तपासलेले शस्त्र आणि शिकलेला हात जोडलेला नसेल, तर शेतकरी कुंपणात वीज सोडतो किंवा गावठी बॉम्ब पेरतो. त्यात डुकराबरोबर गुरे मरतात, माणसेही मरतात.

तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे. परवान्याशिवाय शस्त्र बनवणे किंवा त्यात फेरफार करणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षांची कैद आहे. जुनी रायफल घेऊन लेथवाल्याकडे जाऊ नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा, आणि एकट्याने नको, शिवारातल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी करा. गृह आणि वन या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून या रायफलींचा निर्णय येत्या ऊस हंगामाआधी घ्यावा.